दहा मिनिटं दोरी म्हणजे अर्धा तास धावणं? चीनमधल्या दोरीच्या उड्यांची गोष्ट

चीनमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची दरवर्षी शारीरिक क्षमतेची चाचणी होते. उंची-वजनाचं प्रमाण, फुप्फुसांची क्षमता, 50 मीटर धावणं, बसून पुढे वाकणं आणि एका मिनिटात दोरीच्या उड्या. 2014 साली सुधारलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार पहिलीतल्या मुलाने मिनिटाला 109 उड्या मारल्या की त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात, मुलीला त्यासाठी 117 माराव्या लागतात. पास व्हायला 17 पुरतात. सहावीत पोहोचेपर्यंत पूर्ण गुणांचा आकडा मुलांसाठी 157 आणि मुलींसाठी 166 होतो. पहिली ते चौथीपर्यंत एकूण गुणांपैकी 20 टक्के गुण एकट्या दोरीचे असतात. शिवाय पूर्ण गुणांच्या पुढे आणखी 40 उड्या मारल्या तर वरचे 20 गुण बक्षीस. प्राथमिक शाळेत असे वाढीव गुण फक्त दोरीलाच आहेत.

एखाद्या खेळण्याला सरकारी गुणपत्रिकेत इतकी जागा मिळाली की त्याच्याभोवती समजुती जमणारच. चिनी पालकांमध्ये दोन समजुती फार पक्क्या आहेत. दहा मिनिटं दोरी मारली की अर्धा तास धावल्याचा फायदा होतो, ही पहिली. दोरीने मुलांची उंची वाढते, ही दुसरी. दोन्ही आपल्याकडेही पोहोचल्या आहेत आणि घराघरात सांगितल्या जातात. पहिलीच्या मुळाशी एक खरा प्रयोग आहे, पण त्याने सिद्ध केलेली गोष्ट वेगळीच आहे. दुसरीला तेवढाही आधार नाही. हे नीट कळायला दोरीवर शरीरात काय घडतं ते पाहावं लागेल, आणि त्याआधी ही दोरी चीनच्या शाळांत आली कुठून, तेही.

पोरांचं गाणं आणि बुडालेलं राज्य

सन 577 मध्ये उत्तर चीनमधलं उत्तर छी घराण्याचं राज्य बुडालं. राजघराण्याचं आडनाव गाओ. पुढे थांग काळात, 636 साली, ली बाइयाओ या इतिहासकाराने या घराण्याचा अधिकृत इतिहास पूर्ण केला. शेवटच्या राजांच्या प्रकरणात, राज्य जाणार असल्याची चिन्हं सांगता सांगता, तो रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांचा उल्लेख करतो. ही मुलं दोन्ही हातांत दोरी धरायची, ती जमिनीवरून झाडत नेऊन परत वर घ्यायची, उड्या मारायची आणि मारता मारता ‘गाओ मो’ असं गायची. मो म्हणजे शेवट. गाओ घराण्याचा शेवट जवळ आल्याचं पोरांच्या तोंडून आधीच निघालं होतं, असा इतिहासकाराचा निष्कर्ष.

त्याला खेळात काडीचाही रस नव्हता. त्याला हवा होता अपशकुन. म्हणूनच मला हा उल्लेख फार मोलाचा वाटतो. दोरीच्या उड्या किती जुन्या आहेत हे पटवून देण्यासाठी तो लिहीत नाही; मुलं असं खेळतात हे वाचणाऱ्याला ठाऊकच आहे, असं धरून तो पुढे जातो. म्हणजे सहाव्या शतकात उत्तर चीनमधल्या गल्ल्यांत एकट्याने दोरी फिरवून उड्या मारणं आणि सोबत गाणं म्हणणं हा अगदी रोजचा खेळ असणार.

याच्या जवळजवळ हजार वर्षांनंतर, मिंग काळातल्या बीजिंगमध्ये, खेळाचं पहिलं मनापासून केलेलं वर्णन हाती लागतं. शन बांग हा बीजिंगलगतच्या वानफिंग तालुक्याचा अधिकारी. कचेरीच्या हिशेबांपासून लोकांच्या सणवारांपर्यंत सगळं टिपून ठेवायची त्याला सवय होती, आणि 1593 मध्ये त्याने ते पुस्तकरूपात काढलं. पहिल्या चांद्र महिन्याच्या सोळाव्या दिवशी, म्हणजे दिव्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, मुलं काय करतात ते तो सांगतो. साधारण दहा फुटांची एक दोरी दोन मुलं समोरासमोर धरतात आणि इतक्या जोरात फिरवतात की नजर ठरत नाही. एकच दोरी शंभर दोऱ्यांसारखी भासते. बाकीची मुलं संधी साधून एकामागून एक उडी मारतात. जो पार होतो तो जिंकला. जो अडकतो त्याला दोरी धरणाऱ्याच्या हातचा दोरीचाच फटका.

1635 च्या सुमारास लियू तोंग आणि यू यीझेंग या दोघांनी बीजिंगमधल्या ठिकाणांचं आणि सणांचं एक वर्णन लिहिलं. त्यातही हाच सण आणि हाच खेळ आहे. दोन मुलं दोरी जमिनीला घासत फिरवतात, ती पांढऱ्या उजेडाच्या चाकासारखी दिसते आणि एक मूल त्या उजेडात उड्या मारतं. बीजिंगमध्ये त्या दिवसांत कडाक्याची थंडी असते. सणाच्या रात्री बायका घोळक्याने बाहेर पडत, पूल ओलांडत. चालत पूल पार केला की वर्षभराची दुखणी मागे राहतात, असा समज होता. मोठ्यांनी आजार पळवायला चालायचं आणि पोरांनी दोरी फिरवायची, असा तो सण.

मिंग काळातल्या या वर्णनांत उड्या कोणी मोजत नाही. किती वेळात किती, हा प्रश्नच नाही. कौशल्य आहे ते फिरत्या दोरीत शिरण्याची वेळ साधण्यात, आणि खेळायला किमान तिघं लागतात.

दोरीच्या उड्यांचा शोध चीननेच लावला, असा दावा अधूनमधून वाचायला मिळतो. मला तो अनावश्यक वाटतो. जिथे माणसांनी दोर वळले तिथे मुलांनी त्यावरून उड्या मारल्याच असणार. चीनचं वेगळेपण असं की तिथे अधिकारी आणि इतिहासकार लिहिते होते, आणि त्यांच्या लिखाणात पोरंही आली.

मैदान नसलेल्या देशाचा व्यायाम

1949 नंतरच्या चीनमध्ये व्यायाम हा सरकारी कार्यक्रम झाला. 1951 च्या अखेरीस रेडिओवरून सामूहिक कवायत सुरू झाली. कारखान्यांत, शाळांत, कचेऱ्यांत लोक एकाच आवाजावर हातपाय हलवू लागले. पुढच्या वर्षी माओने खेळ वाढवा, जनतेची प्रकृती बळकट करा, असं घोषवाक्य लिहून दिलं. मैदानं, साधनं, पैसा, सगळ्याचीच टंचाई होती. अशा वेळी दोरी सोयीची. दोन पावलांच्या जागेत, सिमेंटच्या अंगणात, एकाच वेळी शंभर मुलांना ती देता येते.

याच दशकांत मुलींनी आणखी एक खेळ घरोघर नेला: रबराच्या लांब पट्टीवरच्या उड्या. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून किंवा लहान रबरबँड एकमेकांत गुंफून मोठं वेटोळं करायचं. दोन मुली ते पायांभोवती अडकवून लांब उभ्या राहतात, तिसरी मधे उड्या मारते. पट्टी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, कमरेला, काखेला, खांद्याला, आणि शेवटी हात वर करून धरलेली. दर पायरीवर तोच क्रम: आत, बाहेर, पट्टीवर पाय, गिरकी, पट्टी पायात अडकवून ओढणं. सोबत आकड्यांनी भरलेलं बडबडगीत. अमेरिकेत हा खेळ ‘चायनीज जंप रोप’ म्हणून ओळखला जातो. साठ-सत्तरच्या दशकांत चीनच्या शहरांत वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तिचे पाय अजून तो क्रम विसरलेले नसतात.

व्यायाम म्हणून पाहिलं तर मला रबराचा खेळ साध्या दोरीपेक्षा सरस वाटतो. दोरीवर शरीर एकाच जागी वर-खाली होतं. रबरावर ते आडवं जातं, वळतं, एका पायावर तोल सांभाळतं, गुडघा छातीपर्यंत नेतं. वाढत्या वयात हाडांना आणि सांध्यांना असा वेगवेगळ्या दिशांचा ताण फार उपयोगी पडतो. पण हा खेळ मिनिटाला किती, अशा हिशेबात बसत नाही. त्यामुळे तो परीक्षेत आला नाही, आणि बहुतेक अंगणांतून गेलाही.

परीक्षेत आली ती दोरी. चीनच्या आरोग्य आयोगाने 2020 मध्ये जाहीर केलेल्या अहवालात 6 ते 17 वयोगटातली जवळपास 19 टक्के मुलं जादा वजनाची किंवा स्थूल असल्याचं म्हटलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शालेय व्यायाम बळकट करण्याचा आणि नववीनंतर उच्च माध्यमिक शाळेसाठी होणाऱ्या प्रवेश परीक्षेत खेळाचे गुण वाढवत नेण्याचा आदेश निघाला. ज्या वस्तूवर मुलाचे गुण ठरतात तिची शिकवणी निघायला चीनमध्ये वेळ लागत नाही. बीजिंग-शांघायसारख्या शहरांत दोरीचे खासगी प्रशिक्षक मिळू लागले. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर उड्या मारायच्या आणि ॲपने मोजून शिक्षकाकडे गृहपाठ पाठवायचा, ही पद्धत रूढ झाली.

ब्रेकची तार

ग्वांगझौ शहराच्या उत्तरेला हुआदू हा भाग आहे, तिथल्या एका खेड्यात चीशिंग नावाची प्राथमिक शाळा आहे. 2010 मध्ये लाय श्वानझी हा तरुण तिथे व्यायामशिक्षक म्हणून आला. शाळेकडे धड मैदान नव्हतं आणि साधनांना पैसा नव्हता, म्हणून त्याने दोरी निवडली. काही वर्षांत या शाळेची मुलं जागतिक स्पर्धांत पदकं घेऊ लागली. त्यांच्यातला सगळ्यांत नावाजलेला खेळाडू म्हणजे छन श्याओलिन. 2019 साली नॉर्वेतल्या जागतिक स्पर्धेत त्याने 30 सेकंदांत 228 आणि 3 मिनिटांत 1,141 वेळा दोरी पायाखालून काढली.

228 ला 30 ने भागा. सेकंदाला साडेसात फेऱ्यांहून जास्त. हे स्नायूंच्या ताकदीने होत नाही, आणि इथेच या शाळेचं खरं डोकं दिसतं.

फिरणाऱ्या दोरीला सगळ्यांत मोठा अडथळा हवेचा. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. दोरी जितकी जाड तितका रोध जास्त. लाय यांनी बाजारातली प्लॅस्टिकची दोरी सोडून दुचाकीच्या ब्रेकमध्ये असते तसली बारीक पोलादी तार वापरली. जाडी घटली, रोध घटला, आणि तार जड असल्यामुळे तिचा कमानदार आकार वेगातही बिघडत नाही.

दुसरी युक्ती शरीराची. ताठ उभ्या माणसाला दोरी डोक्यावरून न्यायची तर ती लांब हवी. चीशिंगची मुलं गुडघ्यात आणि कमरेत वाकून, पाठ गोल करून, अर्धवट बसल्यासारखी उड्या मारतात. शरीराची उंची कमी झाली की दोरी आखूड चालते. दोरीच्या वर्तुळाची त्रिज्या 60 सेंटिमीटर धरली, तर सेकंदाला 7.6 फेऱ्यांत तिचा मधला भाग ताशी 100 किलोमीटरच्या थोड्या वरच्या वेगाने फिरतो. ताठ उभं राहून लांब दोरी घेतली की याच फेऱ्यांसाठी तो वेग कितीतरी वाढेल आणि मनगटं थकतील. पाय आळीपाळीने, जमिनीपासून जेमतेम दोरीपुरते उचलायचे. दिसायला हे अजिबात डौलदार नाही. पण एका गरीब खेड्यातल्या शिक्षकाने आणि मुलांनी स्वतःच्या अंगणात शोधून काढलेली ही पद्धत आहे, आणि तिने जगातले विक्रम मोडले. मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे.

तब्येतीसाठी उड्या मारणाऱ्याने मात्र तिचं अनुकरण करू नये. वाकलेली पाठ आणि दुमडलेले गुडघे ही स्पर्धेची किंमत आहे. रोजच्या व्यायामात पाठ सरळ, नजर समोर आणि कोपर अंगालगत असावेत.

उडीत काय होतं

चांगली उडी फार उंच नसते. दोन-तीन सेंटिमीटर पुरतात. चवड्यावर उतरलं की पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, ताणली जाते आणि स्प्रिंगसारखी आकसून तुम्हाला पुन्हा वर ढकलते. लय जमली की प्रत्येक उडीतली बरीचशी शक्ती ही शीरच परत देते. ज्यांना लय जमलेली नसते ते दर वेळी गुडघ्यातून जोर काढतात, टाच आपटतात आणि वीस उड्यांत धापा टाकतात. त्यांचं हृदय कमजोर असतं असं नाही. त्यांना स्प्रिंग वापरता येत नाही.

जमिनीवर उतरताना शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट-तिप्पट बळ पायांवर येतं. धावतानाही जवळपास तेवढंच येतं, पण धावताना ते दर वेळी एकाच पायावर पडतं. दोन्ही पायांनी मारलेल्या दोरीच्या उडीत ते वाटलं जातं. दोरीने गुडघे झिजतात, असं सरसकट बोललं जातं ते म्हणूनच अर्धवट आहे. गुडघ्यांवरचा भार उडीच्या उंचीवर, जमिनीवर आणि तुमच्या वजनावर ठरतो.

हाडांना तर हा दणका हवाच असतो. हाडाच्या आत बसलेल्या पेशी ताण ओळखतात आणि तिथे नवं हाड रचायचा निरोप देतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांना 61 सेंटिमीटर उंच खोक्यावरून जमिनीवर उड्या मारायला लावल्या. एका वेळी 100 उड्या, आठवड्यातून तीनदा, सात महिने. त्यांच्या खुब्याच्या आणि कण्याच्या हाडांत नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या मुलांपेक्षा जास्त खनिज जमा झालं. खोक्यावरून पडणारा दणका दोरीपेक्षा खूप मोठा असतो, हे खरं. दोरीबद्दलचा थेट पुरावा हाँगकाँगमधून येतो. तिथे वयात येणाऱ्या मुलींवर केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नियमित दोरी मारणाऱ्या मुलींच्या टाचेच्या हाडाची घनता जास्त आढळली.

इथे एक बारकावा आहे आणि तो पालकांनी लक्षात घ्यावा असा आहे. हाडातल्या पेशी लवकर सरावतात. काही डझन दणक्यांनंतर त्या पुढच्या दणक्यांकडे फारसं लक्ष देत नाहीत; मधे काही तासांची विश्रांती मिळाली की पुन्हा जाग्या होतात. म्हणजे हाडांसाठी सकाळी शंभर आणि संध्याकाळी शंभर उड्या या एका दमात मारलेल्या हजार उड्यांपेक्षा शहाणपणाच्या.

आता त्या दहा मिनिटांबद्दल

1968 साली अमेरिकेत जॉन बेकर या संशोधकाने 92 महाविद्यालयीन मुलांवर एक प्रयोग केला. एका गटाने सहा आठवडे रोज 10 मिनिटं दोरी मारली, दुसऱ्या गटाने रोज 30 मिनिटं जॉगिंग केलं. आधी आणि नंतर दोन्ही गटांची पायरीवर चढ-उताराची ठरावीक चाचणी घेतली. तिच्यात श्रमानंतर नाडी किती लवकर शांत होते ते पाहतात. दोन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली. दहा बरोबर तीस हे समीकरण जन्मलं ते इथे. पुढे ते जगभर फिरलं, चीनमध्ये तर दोरी विकणाऱ्यांच्या जाहिरातींत आणि शाळांच्या भिंतींवर जाऊन बसलं.

प्रयोग खरा आहे. पण त्याने तपासली ती हृदयाची सावरण्याची क्षमता, तीही तरुण पुरुषांत आणि सहा आठवड्यांपुरती. किती चरबी जळली हे त्याने मोजलंच नव्हतं. जाहिरात नेमकी त्याच गोष्टीचं वचन देते.

हिशेब आपणच करून पाहू. व्यायामाची तीव्रता मोजायला ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च 1 मेट. संशोधक वापरतात त्या 2011 सालच्या तक्त्यात मिनिटाला 100 ते 120 उड्यांची दोरी 11.8 मेट आहे आणि साधं जॉगिंग 7 मेट. एक मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला जवळपास एक कॅलरी. 60 किलोच्या माणसाने 10 मिनिटं दोरी मारली तर साधारण 118 कॅलरी खर्च होतात. 30 मिनिटं जॉगिंग केलं तर 210. मिनिटामागे दोरी नक्कीच भारी आहे, जॉगिंगच्या जवळपास पावणेदोन पट. तिप्पट नाही. वजन उतरवायला दहा मिनिटं पुरतात असं कुणी सांगत असेल तर तो हिशेब चुकीचा आहे.

त्याच तक्त्यात आणखी एक आकडा आहे, मला तो सगळ्यांत उपयोगी वाटतो. मिनिटाला 100 पेक्षा कमी, म्हणजे सावकाश मारलेली दोरीही 8.8 मेट आहे. साध्या जॉगिंगपेक्षा जास्त. आणि 120 ते 160 चा वेग घेतला तर आकडा फक्त 12.3 वर जातो. कारण सरळ आहे. दोरी सावकाश फिरवली की एका फेरीत जास्त वेळ जातो. तो भरायला माणूस उंच उडतो किंवा मधे एक जादा छोटी उडी घेतो. वेग वाढला की उडी बुटकी होते. त्यामुळे चालणं, भरभर चालणं, हळू धावणं अशा ज्या पायऱ्या आपल्याला एरवी मिळतात त्या दोरीत नाहीत. पहिल्या मिनिटापासून ती जोरकसच असते. नवशिक्यांची दोरी आठवड्याभरात कोपऱ्यात जाऊन पडते, त्यामागचं मोठं कारण हेच आहे असं मला वाटतं.

चिनी शाळांतल्या एक मिनिटाच्या चाचणीकडेही याच हिशेबाने पाहायला हवं. पूर्ण जोर लावून केलेल्या मिनिटभराच्या कामात जवळपास निम्मी शक्ती प्राणवायूशिवाय चालणाऱ्या प्रक्रियांतून येते. म्हणजे ही चाचणी मुलाचं हातापायांचं जुळवून घेणं, मनगटाचा वेग आणि झटक्याची ताकद मोजते. हृदय-फुप्फुसांचा दमखम ती थोडाच दाखवते. शांघायमधल्या प्रवेश परीक्षेत विद्यार्थ्यांना 4 मिनिटांच्या दोरीचा पर्याय आहे. चार मिनिटांत खरा दम लागतो, हृदयाची कसोटी लागते. तंदुरुस्ती मोजायची असेल तर मला शांघायचा हा पर्याय जास्त प्रामाणिक वाटतो.

उंचीचा हट्ट

उंची ठरते प्रामुख्याने आनुवंशिकतेने, आणि मग पोषण, झोप, बालपणीचे आजार यांनी. नियमित व्यायामाने भूक लागते, झोप चांगली येते, वजन आटोक्यात राहतं. वाढीला हे सगळं पूरक आहे. पण दोरीच्या उड्यांनी हाडाची लांबी ठरलेल्यापेक्षा जास्त वाढते, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. उड्या मारणारी मुलं डोळ्यांदेखत उंच होतात, कारण त्या वयात सगळीच मुलं उंच होत असतात.

या समजुतीची किंमत मुलांचे गुडघे मोजतात. काही वर्षांपूर्वी हांगचौ शहरातल्या 13 वर्षांच्या एका मुलीची बातमी चीनभर गाजली होती. उंची वाढावी म्हणून आईने तिला दोरी सुरू करायला लावली, आणि दिवसाच्या उड्यांचा आकडा 3,000 पर्यंत गेला. शेवटी गुडघेदुखीने दवाखाना गाठावा लागला. वाढत्या वयात स्नायूची शीर हाडाच्या ज्या कोवळ्या भागाला जोडलेली असते तिथे सतत ओढ बसून सूज येते. गुडघ्याच्या खालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखायला लागतं. विश्रांतीने हे बहुतेक वेळा बरं होतं, पण दुखणं अंगावर काढत आकडा पूर्ण करायला लावणं हा मुलावर अन्याय आहे. तेही अशा फळासाठी, जे मिळणारच नाही.

सुरुवात करायची असेल तर

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम सांगते. मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल, आणि त्यात आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काही. दोरी दोन्हीकडे बसते, पण सगळा कोटा तिच्यावर टाकायची गरज नाही.

पहिले दोन-तीन आठवडे 20 सेकंद उड्या, 40 सेकंद चालणं, असं आठ-दहा वेळा. दिवसाआड. स्नायू लवकर तयार होतात, शिरा सावकाश. तिसऱ्या आठवड्यात उत्साह येतो आणि नेमकी तेव्हाच टाच किंवा नडगी दुखायला लागते. तेव्हा थांबायचं. सिमेंटपेक्षा मातीचं अंगण, लाकडी फरशी किंवा रबरी चटई बरी. चवड्याखाली गादी असलेले बूट घालावेत. गुडघ्याची झीज, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, खूप जास्त वजन किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. बाळंतपणानंतर उडी मारताना लघवी निसटत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आधी, दोरी नंतर.

दोरीची लांबी ठरवायला तिच्या मधोमध एक पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढा. नवशिक्याच्या मुठी काखेपर्यंत याव्यात. सराव झाला की छातीच्या खालच्या टोकापर्यंत आखूड करता येते. लहान मुलांना पोलादी तार देऊ नका, ती पायावर वळ उठवते. चिनी शाळांत सुरुवातीला प्लॅस्टिकची छोटी नळकांडी ओवलेली दोरी देतात, बांबूच्या पेरांसारखी दिसणारी. ती जड असल्याने तिचा आकार टिकतो आणि ती जमिनीला लागली की टक् असा आवाज येतो. मूल त्या आवाजावर उडी बसवायला शिकतं. आधी दोरी एका हातात घेऊन नुसती बाजूला फिरवायची आणि त्या आवाजावर उड्या मारायच्या, मग दोन्ही हातांत.

चार-पाच मुलं असतील तर लांब दोरी काढा. चिनी शाळांत आजही वर्गावर्गांच्या स्पर्धा होतात: दोघं दोरी फिरवतात, बाकीची रांगेने एका बाजूने शिरतात, एक उडी मारून तिरकं बाहेर पडतात आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वळून पलीकडच्या रांगेत जातात. यात धडधाकट मुलाइतकंच भित्र्या मुलाचंही काम असतं, कारण रांग त्याच्यासाठीही थांबत नाही. फिरवणाऱ्यांनी खांद्यातून मोठं वर्तुळ काढायचं, दोरी दर वेळी जमिनीला लागली पाहिजे. शिरणाऱ्याने फिरवणाऱ्याच्या खांद्याजवळ उभं राहायचं, आणि दोरी नाकासमोरून खाली गेली की लगेच, तिच्या मागोमाग, आत.